आमची कोठेही शाखा नाही: एका भेळेच्या गाडीचा प्रकरण अभ्यास

३ मे २०२२, अक्षय्य तृतीया. सदाशिव पेठेत टिळक रस्त्याला मिळणाऱ्या एका बोळात, रस्त्यापासून साठेक पावलं आत, एका गाळ्याचं उद्‌घाटन होतं. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट मांडला होता ते काका कुठे दिसेनात. पाच-दहा मिनिटं शोधाशोध झाली. सापडले ते बोळाच्या तोंडाशी, आपल्या जुन्या गाडीजवळ, नवा कोरा सदरा घालून, हातात रंगाचा डबा घेऊन. गाडीच्या कपाळावर कित्येक वर्षं एक पाटी होती: "आमची कोठेही शाखा नाही." त्यातला "नाही" ते पांढऱ्या रंगाने पुसत होते.

मुलगा म्हणाला, "बाबा, पाहुणे थांबलेत."

"थांबू दे की. शाखा झाली ना आता? मग ही पाटी खोटी ठरली. खोट्या पाटीखाली धंदा नाही करायचा."

या काकांचे हिशेब मी चौदा वर्षं लिहिते आहे. पेठांमधले पिठाच्या गिरणीवाले, शिंपी, फूलवाले, डबेवाल्या मावश्या अशी बरीच मंडळी माझ्याकडे येतात. त्या सगळ्यांत हे प्रकरण मला सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण कागदावर ते अगदी सरळ होतं. चांगली चालणारी गाडी, पैसे साठलेले, हाताशी शिकलेला मुलगा, म्हणून गाळा घेतला. सहा महिन्यांत गाळा तोट्यात आला. आणि नुसती जागा राखायला म्हणून रस्त्यावर ठेवलेली गाडी दर महिन्याला वाढत गेली. असं का झालं ते समजायला आधी काका समजून घ्यावे लागतात. त्यांचं नाव देत नाही. त्यांच्या निम्म्या गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक नाही.

काका मूळचे माण तालुक्यातले. वय विचारलं की सांगतात, "पानशेत फुटलं त्या सालचा." म्हणजे १९६१. पानशेतचा आणि माणचा काही संबंध नाही, पण पुण्यात राहून राहून जन्मसालसुद्धा पुण्याचंच लागू झालंय. १९७२च्या दुष्काळात गावाकडे काही उरलं नाही, तेव्हा मामाने १९७३ साली त्यांना पुण्याला आणलं आणि मंडईजवळच्या एका भेळेच्या दुकानात भांडी घासायला लावलं. वय बारा. पहिल्या वर्षभरात बढती मिळून ते चुरमुरे चाळायला लागले. प्रत्यक्ष भेळ कालवायला मिळाली ती नोकरीच्या सातव्या वर्षी. तोवर त्यांनी हात बसावा म्हणून रात्री खोलीत रिकाम्या पातेल्यात पळी फिरवून सराव केला होता. खाली राहणाऱ्या बिऱ्हाडाने दोनदा चोर आले म्हणून आरडाओरडा केला. तिसऱ्या रात्री खालचे आजोबा काठी घेऊन वर आले, दार ढकललं, आणि बघतात तर एक पोरगा डोळे मिटून रिकामं पातेलं कालवतोय. आजोबा म्हणाले, "अरे, निदान मीठ तरी घाल." ही गोष्ट काका अजून आजोबांच्या आवाजात सांगतात.

१९८४ साली स्वतःची गाडी झाली. दीड रुपयाला प्लेट. तेव्हा पथविक्रेत्यांना आजच्यासारखं कायद्याचं छत्र नव्हतं, आणि एकदा गाडी उचलली गेली. नेमकी कालवण चालू असताना. ट्रकवर गाडी, गाडीवर पातेलं, पातेल्यात अर्धी भेळ. एक गिऱ्हाईक सायकलवरून त्या ट्रकच्या मागे स्वारगेटपर्यंत गेलं, कारण त्याचे साडेतीन रुपये परत यायचे होते. काकाही त्याच सायकलवर डबलसीट, कारण गाडी जातेय कुठे ते बघायचं होतं. परत येताना त्या माणसाने साडेतीन रुपये घेतले नाहीत. तो अजून येतो. आता त्याला कवळी आहे, त्यामुळे काका त्याच्या प्लेटमधले शेंगदाणे आधी कुटून घेतात.

काकूंचा प्रवेश १९८७चा. नाना पेठेतून आत्याबरोबर संकष्टीला सारसबागेच्या गणपतीला आल्या होत्या, जाताना भेळ खायला थांबल्या. उपास सोडायच्या आधी नव्हे, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन, असं त्या आवर्जून दुरुस्त करतात. काकांनी त्यांच्या प्लेटवर मूठभर शेव जास्त टाकली. काकूंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "शेव वाढवून कमी पडलेलं मीठ झाकत नाही." काका त्या रात्री झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा केलं, आणि पंधरा दिवस ती मुलगी आलीच नाही. शेवटी आत्या एकट्या आल्या तेव्हा काकांनी पुड्यात बांधून भेळ दिली, "त्यांना विचारा, मीठ आता बरोबर आहे का." आत्या काय समजायचं ते समजल्या. लग्नाच्या पंगतीत भेळ वाढू द्यावी हा नवरदेवाचा हट्ट थोरामोठ्यांनी मोडून काढला, पण रात्री मांडव सुनसान झाल्यावर काकांनी बँडवाल्यांना बसवून भेळ करून घातली. मुंडावळ्या तशाच होत्या. पातेल्यात पडू नयेत म्हणून काकूंनी त्या मागे धरून ठेवल्या होत्या.

या माणसाचं भेळेवर किती प्रेम, हे मला हिशेबातूनही दिसत आलं. २०१९च्या शेवटी कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला. सप्टेंबरातच निर्यातबंदी झाली होती, तरी डिसेंबरात भाव चढेच होते. आसपासच्या गाड्यांवर कांद्याच्या जागी कोबी आला. मी आकडा काढून दाखवला, काका, प्लेटमागे इतके रुपये जास्त जातायत, थोडा कोबी मिसळायला हरकत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी गाडीवर पाटी: "कांदा महाग आहे. भेळेत आहे तेवढाच आहे. शोधल्यास सापडेल." त्या महिन्यात नफा जवळजवळ शून्य. पण एकही गिऱ्हाईक तुटलं नाही, आणि हा मुद्दा पुढे फार कामाला आला.

मग मार्च २०२०. टाळेबंदीत गाडी बंद. काका घरात बसून रोज संध्याकाळी पाचला भेळ करायचे, दोघांपुरतीच, पण पळी पातेल्यावर आपटायचे ते गाडीवरच्यासारखीच. वाड्यातल्या लोकांना तो आवाज कळत होता. तिसऱ्या दिवशी वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली आली, आत रिकामा डबा. आठवडाभरात पाच दोऱ्या लोंबायला लागल्या. पैसे कुणाकडून घेतले नाहीत.

त्याच वर्षी १ जूनला पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू झाली. तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, एका वर्षात हप्त्यांनी फेडायचं, वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सवलत आणि पुढे २०,००० मिळायची सोय. अर्ज मीच भरला. त्याबरोबर क्यूआर कोड आला आणि पुढे तो बोलणारा डबाही आला. "चाळीस रुपये प्राप्त झाले" असं तो मोठ्याने म्हणायचा, आणि काका प्रत्येक वेळी त्याला "बरं" म्हणायचे. चार दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की हा डबा आपली कमाई अख्ख्या बोळाला सांगतोय. त्यांनी तो चुरमुऱ्याच्या पोत्यात खुपसला. नंतर बरेच दिवस नवीन गिऱ्हाइकं चुरमुरे बोलताना ऐकून दचकायची. पण हप्ता एकही चुकला नाही. तारखेच्या आदल्या दिवशी पैसे खात्यात. दुसरं कर्जही तसंच फिटत होतं.

इथवरची गोष्ट काकांची. आता गाळ्याची.

मुलगा हिंजवडीला नोकरीला. बापाचे गुडघे दुखतात, मे महिन्यात पत्रा तापतो, पावसात ताडपत्री गळते, हे तो लहानपणापासून बघत आलेला. त्याने स्वतःच्या बचतीतून गाळा घ्यायचं ठरवलं. यात कुठेही दिखावा नव्हता, वडिलांना सावलीत बसवायचं होतं. दोघं माझ्याकडे आले आणि मी आकडे मांडले.

गाडीचा हिशेब असा होता. रोज सरासरी १२० प्लेट, ४० रुपयांना एक. सामानाचा खर्च प्लेटमागे १८ रुपये, उरले २२. महिन्यात २६ दिवस धरले तर ६८,६४० रुपये. त्यातून मदतनीस मुलाचे १२,००० आणि किरकोळ ३,००० गेले की घरात येत होते सुमारे साडेत्रेपन्न हजार, नवराबायको दोघांच्या कष्टाचे. गाळ्यात प्लेट ६० रुपयांना विकायची होती. सामान २० रुपये, उरले ४०. गाळ्याचं भाडं २५,०००, दोन मदतनीस मुलांचे २४,०००, वीज आणि बाकीचं ६,०००, म्हणजे महिन्याचा ठरलेला खर्च ५५,०००. रोज ५३ प्लेट खपल्या की ना नफा ना तोटा. गाडीवर १२० खपतात, तर गाळ्यात शंभर तरी जातीलच, असं मी म्हटलं. हे वाक्य माझं होतं, आणि चूक तिथेच होती. मी १२० ही प्लेटांची संख्या धरली. ती कुणाची, कुठे उभी राहून, किती वेळात खाल्लेली संख्या आहे, हे मी विचारलं नाही.

एका गोष्टीत मात्र मी ठाम राहिले. शेजारच्या एकाने गाडीची जागा महिना ६,००० रुपयांनी चालवायला मागितली होती. २०१४च्या पथविक्रेता कायद्याखाली जे प्रमाणपत्र मिळतं ते विक्रेत्याने स्वतः किंवा घरच्यांनी धंदा करायच्या अटीवर मिळतं, भाड्याने देता येत नाही. दिलं तर प्रमाणपत्रच धोक्यात. अडतीस वर्षांची जागा सहा हजारांसाठी घालवू नका, असं मी सांगितलं. तेव्हा ठरलं की गाळ्याचा करार मुलाच्या नावाने, रीतसर नोंदणी करून, आणि गाडीवर जागा राखायला संध्याकाळी काकू उभ्या राहतील. सुकी भेळ आणि मटकी भेळ एवढंच ठेवतील. अन्नसुरक्षेची नोंदणीही गाळ्यासाठी वेगळी काढली. ती जागेनुसार लागते, आणि तेव्हा लहान विक्रेत्यांना वर्षाला १०० रुपयांत होत होती.

मग काकांनी गाडीवरच्या पाटीचं काय करायचं ते केलं. "आमची एक शाखा आहे," आणि खाली बोळाच्या दिशेने बाण.

पहिल्या महिन्यात गाळ्यात रोज ९५ प्लेट गेल्या. नवलाई होती, कैरीचे दिवस होते. जूनमध्ये ७०. जुलैत ५६. ऑगस्टमध्ये ४८.

मी जुलैपासून आठवड्यातून दोन संध्याकाळी गाळ्यात जाऊन बसायला लागले. हिशेबाच्या वहीत जे दिसत नव्हतं ते तिथे बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात दिसलं, पण ते नीट कळायला मला आधी गाडीवरची एक प्लेट आठवावी लागली.

गाडीवर काका प्लेट करतात ती अशी. गिऱ्हाईक चार पावलांवर आलं की त्यांचा डावा हात चुरमुऱ्याच्या डब्यात गेलेला असतो. तीन मुठी. पावसाळ्यात त्या आधी बोटांनी चुरगाळून बघतात, कारण सादळलेला चुरमुरा दाबला तर आवाज करत नाही, आणि तसा एक जरी निघाला तर अख्खी मूठ बाजूला. मग फरसाण, कांदा, बटाटा, थोडं डाळं. इथवर सगळ्यांना सारखंच. इथे काका मान वर करतात. समोरच्याकडे एक नजर, फार तर दोन सेकंद, आणि मग चिंचेच्या पाण्याची पळी उचलतात. ती पळी पूर्ण, पाऊण की अर्धी, ठेचा चमच्याच्या टोकावर की बुडखापर्यंत, हे त्या दोन सेकंदांत ठरतं. परीक्षेचा निकाल लागून आलेला पोरगा, दवाखान्यातून परतणारी बाई, दुपारपासून उपाशी असलेला रिक्षावाला, प्रत्येकाची पळी वेगळी. सांगावं लागत नाही. मग पातेलं तिरकं धरून चार वेढे, कडेला पळीचे दोन ठोके, टण टण, आणि प्लेट हातात. चव बिघडली तर गिऱ्हाईक पहिल्या घासालाच म्हणतं, "काका, थोडी कैरी," आणि कैरी तिथल्या तिथे पडते. सगळं मिळून चार मिनिटं.

गाळ्यात स्वयंपाकाची जागा भिंतीमागे होती. मुलाने टेबलांवर छापील कागद ठेवले होते: तिखट, मध्यम, गोड. पोरगा त्यावर खूण करून आत नेऊन द्यायचा. पहिल्याच दिवशी काका कागद घेऊन बाहेर आले.

"तीन नंबरच्या टेबलावर 'मध्यम' लिवलंय. कुणाचं मध्यम?"

"काका, त्या बाईंचं."

"त्या दमलेल्या आहेत का?"

पोरगा काय सांगणार. काका स्वतः जाऊन बघून आले. मग प्रत्येक प्लेटला बाहेर येऊन बघायला लागले. दाराच्या चौकटीत दोन वेळा पोराशी टक्कर झाली, दुसऱ्या वेळी भेळ एका गृहस्थांच्या टोपीवर पडली. मुलाने हात जोडून सांगितलं, बाबा, आतच थांबा. तेव्हा काका म्हणाले ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे: "अरे, चेहरा बघितल्याबिगर चिंच किती घालू?"

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जुन्या बाजारातून रिक्षाचा आरसा आणला आणि स्वयंपाकघराच्या दारात वर तिरका बांधला, म्हणजे आत उभं राहून टेबलं दिसावीत. दिसायची, पण उजवीडावी उलट. डाव्या टेबलावरच्या आजींची बिनतिखट भेळ उजव्या टेबलावरच्या पैलवानाकडे गेली आणि पैलवानाची आजींकडे. आजी खमक्या होत्या, पुरी प्लेट संपवून गेल्या, डोळे पुसत. पैलवान मात्र परत आला नाही.

याशिवाय दोन कारणं होती आणि तीही लहान नव्हती. एक म्हणजे दर. काकांचं निम्मं गिऱ्हाईक स्पर्धा परीक्षेची मुलं. नांदेड, बीड, लातूर, जळगावहून येऊन पेठांमधल्या अभ्यासिकांत बसणारी, घरून येणाऱ्या पैशांत महिना काढणारी. त्यांच्यासाठी काकांकडे उधारीची एक वही आहे, तिच्यावर "पास झाल्यावर" असं लिहिलेलं. वही कधी बुडाली नाही. एकजण नोकरीला लागल्यावर तीन वर्षांपूर्वीचे ३८० रुपये द्यायला सरकारी गाडीतून आला होता, आणि काकांनी आधी त्याची पोस्टिंग विचारली, मग त्याला हातगाडीच्या मागे लपवून ठेवलेला पेढा दिला. या मुलांना २० रुपये जास्त म्हणजे एका वेळचा चहा आणि वर पोळीभाजीचे थोडे पैसे. ती गाळ्याकडे वळलीच नाहीत. दुसरं कारण टेबलाचं. गाडीवर प्लेट चार मिनिटांत संपते आणि जागा मोकळी होते. गाळ्यात एका प्लेटवर माणसं पंचवीस मिनिटं बसतात, पंख्याखाली. सहाच टेबलं. साडेसहा ते आठ या गर्दीच्या वेळात दारातून लोक परत जात होते आणि इतर वेळी टेबलं रिकामी.

आणि काकू? त्यांनी मे महिन्यात ३५ प्लेटांनी सुरुवात केली. ऑगस्टमध्ये त्या रोज १०० प्लेट करत होत्या. त्यांचा हात काकांसारखा नाही, त्या नजरेने ओळखत नाहीत, सरळ विचारतात: "काय झालंय तुला आज?" पोरं सांगतात. मग त्या मीठ-तिखट ठरवतात आणि वर सल्लाही देतात. मटकी भेळेची त्यांची कृती काकांपेक्षा चांगली आहे, हे काका स्वतः कबूल करतात, फक्त त्या ऐकत नसताना. जुलैपासून काका संध्याकाळी कोथिंबीर संपली असं सांगून गाळ्यातून बाहेर पडायला लागले. कोथिंबिरीला अर्धा तास लागायचा. एकदा मी मागे गेले. काका गाडीसमोर रांगेत उभे होते, चौथ्या नंबरवर, पुढच्या पोराच्या खांद्यावरून मान काढून काकू कांदा किती घालतायत ते बघत. त्यांचा नंबर आला तेव्हा काकूंनी विचारलं, "काय झालंय तुम्हाला आज?" काका म्हणाले, "करमत नाय."

ऑगस्टअखेर मी वहीची दोन पानं समोरासमोर ठेवून बापलेकांना दाखवली. डाव्या पानावर गाळा: ४८ प्लेट, महिन्याचा तोटा ५,०८० रुपये, काकांच्या दिवसभराच्या कष्टाची किंमत शून्य धरून. उजव्या पानावर गाडी: १०० प्लेट, किरकोळ खर्च जाऊन चोपन्न हजारांच्या वर, एकट्या काकूंच्या जिवावर. मुलगा बराच वेळ गप्प बसला. करारात सहा महिने गाळा न सोडायची अट होती. तो म्हणाला, अजून थोडं बघू, गणपतीत गर्दी होईल.

गर्दी झाली. ९ सप्टेंबर २०२२, अनंत चतुर्दशी. दोन वर्षांच्या निर्बंधांनंतरची पहिली मोकळी मिरवणूक, आणि टिळक रस्ता हा विसर्जनाच्या मुख्य रस्त्यांपैकी एक. गाडी बोळात चार हात आत ओढून घेतली होती. रात्री नऊला ढोलताशांच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. गाडीपुढे माणसांची भिंत उभी होती. साठ पावलं आत, गाळ्यात, दोन गिऱ्हाइकं.

अभ्यासिकेतला एक मुलगा धापा टाकत गाळ्यात आला. "काका, काकूंचा खांदा भरून आलाय. पळी उचलवत नाहीये."

काकांनी दुसरं काही विचारलं नाही. मोठं पातेलं डोक्यावर घेतलं, पळी कमरेला खोचली, बाहेर पडून सवयीने शटर खाली ओढलं आणि गुडघेदुखी असलेला तो माणूस बोळातून पळत सुटला. आतून शटर वाजायला लागलं तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन गिऱ्हाइकं आतच राहिलीत. मुलाने शटर उघडलं. ती दोघं रागावली नव्हती, आपापल्या अर्ध्या प्लेट हातात घेऊन गाडीकडे चालू लागली, कारण त्यांनाही मिरवणूक बघायची होती.

मी गाडीच्या बाजूच्या ओट्यावर उभी होते. काकांनी काकूंच्या हातातली पळी घेतली. काकू कांदा-बटाट्याकडे सरकल्या. एकाच गाडीवर दोन पातेली, एक कालवतोय, दुसरी भरतेय, ढोलाच्या ठेक्यावर पळीचे ठोके पडतायत. आवाज इतका की मागणी ऐकूच येत नव्हती. कुणी काही सांगायचा प्रयत्न केला की काका हातानेच थांबवायचे, चेहऱ्याकडे बघायचे आणि पळी उचलायचे. पहाटे तीनपर्यंत चाललं. चुरमुरे संपले तेव्हा ४१० प्लेट झाल्या होत्या. मुलगा द्रोण पुरवत होता. शेवटची प्लेट काकांनी त्याला दिली. त्याने एक घास खाल्ला आणि म्हणाला, "बाबा, गाळा सोडू या."

दिवाळीनंतर, अट संपताच, गाळा सोडला. सहा महिन्यांचा गाळ्याचा नफा-तोटा एकत्र केला तर सुमारे ५९,००० रुपये शिल्लक पडले होते, तेही पहिल्या दोन महिन्यांच्या जोरावर. टेबलं, काउंटर, बोर्ड यांवर घातलेल्या १,८०,००० पैकी ७०,००० वसूल झाले. म्हणजे एकूण ५१,००० रुपयांचा फटका. डिपॉझिट रंगकामाचे पैसे कापून परत मिळालं. मुलाने हा तोटा मनाला लावून घेतला नाही. उरलेल्या पैशांतून त्याने गाडीला नवा पत्रा, चांगली ताडपत्री आणि काकांसाठी उंच पायांचं स्टूल करून घेतलं. सावलीत बसवायचं होतं, ते असं जमलं.

आता गाडीवर दोघंही असतात, दोन पातेली लावून. नोव्हेंबरात सरासरी १५० प्लेटवर गेली. दर ४५ केला, अभ्यासिकेच्या मुलांना ४०च. माझ्या वहीत आता प्रत्येक धंद्याच्या पहिल्या पानावर तीन जास्तीचे रकाने असतात: गिऱ्हाईक कोण, ते उभं की बसलेलं, आणि विकणाऱ्याला दिसतं की नाही. गेल्या वर्षी एका शिंप्याला मोठ्या जागेत जायचं होतं, त्याला मी आधी तिथे दोन दिवस नुसतं बसायला लावलं.

रिक्षाचा आरसा गाडीच्या खांबाला बांधलाय. काकू त्यात अंबाड्यातलं फूल सारखं करतात.

पाटीचं काम मात्र बरेच दिवस रखडलं होतं. रंगाऱ्याने संपूर्ण पाटी नव्याने करायचे पैसे सांगितले, आणि काकांना फक्त दोन अक्षरं हवी होती. शेवटी एका रविवारी सकाळी ते स्वतः स्टुलावर चढले. काकू खालून सरळ-वाकडं सांगत होत्या, बाण पुसून झाला, "एक शाखा आहे"चं पुन्हा "कोठेही शाखा" झालं. "नाही" लिहिताना जागा पुरेना, तेव्हा काकांनी तो खालच्या ओळीत घेतला. बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट आकाराचा, लाल रंगात.